मनुष्यवधासह जबरी चोरी (फिलिपिन्सचा कायदा)

मनुष्यवधासह जबरी चोरी हा फिलिपिन्सच्या सुधारित दंडसंहितेच्या कलम २९४, परिच्छेद १ अन्वये शिक्षापात्र असलेला गुन्हा आहे. जबरी चोरीच्या कारणाने किंवा तिच्या प्रसंगी कोणाचा मृत्यू घडल्यास चोरी आणि वध असे दोन वेगळे गुन्हे न धरता दोहोंचा मिळून एकच ‘विशेष संयुक्त गुन्हा’ मानला जातो. ही संहिता १ जानेवारी १९३२ पासून अमलात आली. या गुन्ह्याची कल्पना मात्र स्पॅनिश राजवटीतील दंडविधानातून आलेली आहे.

या गुन्ह्यास ‘रिक्लुझियोन पर्पेतुआ’, म्हणजे २० वर्षे १ दिवस ते ४० वर्षे मुदतीचा कारावास, ते मृत्युदंड अशी शिक्षा सांगितलेली आहे. २००६ च्या कायद्याने मृत्युदंड रद्द झाल्यामुळे व्यवहारात कारावासच उरतो, आणि त्यात पॅरोल मिळत नाही. केवळ मनुष्यवधास १२ वर्षे १ दिवस ते २० वर्षे एवढीच शिक्षा असल्याने, घटना कोणत्या सदरात बसते यावर आरोपीचे उर्वरित आयुष्य अवलंबून असते.

हेतूची सिद्धता

येथे दोन हेतूंची गल्लत होऊ देता कामा नये. जीव घेण्याचा हेतू या गुन्ह्यास आवश्यक नाही. स्पॅनिश पाठात ‘मनुष्यवध परिणामी घडला तर’ अशा अर्थाचे क्रियापद आहे आणि न्यायालयांनी त्याच पाठाला प्रमाण मानले आहे. १९५६ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका खटल्यात लुटारूने घरातील छताच्या दिशेने गोळ्या झाडल्या होत्या. वर माळ्यावर लपून बसलेला मनुष्य त्यात मेला. तो तेथे आहे हे मारणाऱ्यास ठाऊक असण्याची गरज नाही, मृत्यू अपघाताने झाला तरी पुरे, असा निर्णय न्यायालयाने दिला. मृत व्यक्ती लुटली गेलेलीच असावी असेही नाही. वाटसरू, पोलीस किंवा लुटारूंपैकीच कोणी मेला तरी गुन्हा पूर्ण होतो. लुटीत सामील असलेले सर्वजण वधासाठीही जबाबदार ठरतात. वध रोखण्याचा प्रयत्न केल्याचे दिसून आले तरच त्यातून सुटका होते.

लुटण्याचा हेतू मात्र सिद्ध करावाच लागतो, आणि तो वधाच्या आधीपासून असावा लागतो. प्रत्यक्ष वध लुटीपूर्वी, लुटीदरम्यान वा नंतर झाला तरी चालते. हेतूचा क्रम बदलून चालत नाही. दारूच्या बैठकीत भांडण झाले, एकाने दुसऱ्यास भोसकले आणि जाता जाता मृताच्या खिशातील पाकीट उचलले, तर ते मनुष्यवध आणि चोरी असे दोन स्वतंत्र गुन्हे होत. तेच पाकीट आधी मागितले आणि नकार मिळताच सुरा चालवला, तर कलम २९४ लागू होते. दोन्ही प्रसंगी प्रेत, सुरा आणि पाकीट तेच असते. फरक फक्त आरोपीच्या मनात काय आधी आले एवढाच.

मनातील गोष्ट अर्थातच वर्तनावरून ठरवावी लागते. पैशांची मागणी ऐकलेला साक्षीदार, फोडलेले कुलूप, आधी ठेवलेली पाळत, सोबत आणलेले शस्त्र, आरोपी व मृत यांच्यात पूर्ववैर नसणे, या गोष्टी लुटीकडे बोट दाखवतात. नुकत्याच चोरीस गेलेल्या वस्तू ज्याच्याकडे सापडतात त्यानेच त्या घेतल्या, असे गृहीतक तेथील पुरावा नियमांत आहे. वस्तू बेकायदा घेतली म्हणजे लाभाचा हेतू होता, असेही गृहीत धरले जाते. परंतु ही गृहीतके घेण्याविषयी आहेत. घेण्याचा विचार वधाआधीचा होता, हे त्यांवरून आपोआप ठरत नाही. जबरी चोरी वधाइतक्याच निर्विवादपणे सिद्ध झाली पाहिजे, हे तत्त्व न्यायालयाने वारंवार सांगितले आहे. ती सिद्ध न झाल्यास शिक्षा केवळ मनुष्यवधाची किंवा खुनाची होते.

स्वसंरक्षणाचा बचाव

संहितेच्या कलम ११ नुसार स्वसंरक्षणास तीन गोष्टी लागतात: मृताकडून बेकायदा आक्रमण, ते परतवण्यासाठी वापरलेल्या साधनाची वाजवी आवश्यकता आणि आरोपीकडून पुरेशी चिथावणी नसणे. यांपैकी आक्रमण हा पाया आहे. तोच नसेल तर पूर्ण वा अपूर्ण, कोणतेही स्वसंरक्षण उभे राहत नाही. तो असून उरलेल्यांपैकी काही उणे पडले, तर शिक्षा कमी होऊ शकते.

हा बचाव घेणारा आरोपी आपण मारल्याचे कबूल करतो. त्यामुळे शाबितीची जबाबदारी त्याच्याकडे येते आणि स्पष्ट व खात्रीलायक पुरावा त्यालाच द्यावा लागतो. साक्षींचा क्रम बदलून आरोपीचा पुरावा आधी घेण्याची मुभाही न्यायालयास आहे. बोलण्यापेक्षा जखमा अधिक बोलतात. मृताच्या पाठीवर अनेक वार आणि आरोपीच्या अंगावर ओरखडाही नाही, असे असेल तर झटापटीची कहाणी टिकत नाही. घटनेनंतर पळून जाणे, शस्त्र नाहीसे करणे हेही विरोधात जाते.

लुटारूच्या बाबतीत मूळ अडचण वेगळीच आहे. आपली वस्तू वाचवण्यासाठी वाजवी बळ वापरण्याचा हक्क तेथील दिवाणी संहितेच्या कलम ४२९ ने मालकास दिलेला आहे. त्यामुळे मालकाने काठी उगारली तर ते बेकायदा आक्रमण ठरत नाही, आणि चिथावणी तर लुटारूचीच असते. म्हणून लूट सिद्ध झाली की स्वसंरक्षणाचा दावा बहुधा तिथेच कोसळतो.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. आरोपीची कबुली वधापुरती असते, लुटीपुरती नव्हे. स्वसंरक्षण फेटाळले गेले तरी जबरी चोरी वाजवी संशयापलीकडे सिद्ध करण्याचे सरकार पक्षाचे काम शिल्लकच राहते.

भारतीय कायद्याशी तुलना

भारतात याला सर्वांत जवळचा गुन्हा म्हणजे खुनासह दरोडा. भारतीय दंड संहितेच्या कलम ३९६ मध्ये असलेली ही तरतूद आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१० मध्ये आहे. तेथेही एकाने केलेल्या खुनासाठी सर्व दरोडेखोर जबाबदार ठरतात. मात्र किमान पाच जण असावे लागतात आणि मृत्यू ‘खून’ या व्याख्येत बसावा लागतो. खासगी बचावाच्या हक्काबाबत भारतीय न्यायालये आरोपीकडून संभाव्यतेच्या तोलाइतकाच पुरावा अपेक्षितात, आणि त्याने हा बचाव स्वतः मांडला नसला तरी नोंदीवरील पुराव्यातून तो दिसत असल्यास विचारात घेतात.