भुईमूग आणि फुटबॉलपटू

पश्चिम आफ्रिकेतील सेनेगल हा देश फ्रान्सच्या अमलाखाली होता, त्या काळी त्याची अर्थव्यवस्था प्रामुख्याने भुईमुगाच्या पिकाभोवती फिरत असे. शेतकऱ्याने शेंगा पिकवायच्या, १८८५ मध्ये सुरू झालेल्या डाकार-सेंट लुई लोहमार्गासारख्या मार्गांनी त्या बंदरावर आणायच्या, जहाजांनी त्या मार्सेय आणि बोर्दो येथील तेलगिरण्यांपर्यंत पोचवायच्या आणि तेलाचा नफा तिकडच्या व्यापाऱ्यांनी घ्यायचा, अशी ती व्यवस्था होती. कच्चा माल स्वस्त आणि पक्का माल महाग, हा वसाहतींच्या अर्थशास्त्रातील पहिला धडा दादाभाई नौरोजींच्या वाचकांना नव्याने सांगण्याचे कारण नाही. १९६० मध्ये सेनेगल स्वतंत्र झाला. आज जगभर त्या देशाचे नाव भुईमुगापेक्षा फुटबॉलपटूंमुळे अधिक ऐकू येते. निर्यातीचा माल बदलला हे उघड आहे. व्यवहाराची रीत बदलली काय, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाचा विचार करण्यास सादियो माने याच्या कारकिर्दीइतके चांगले उदाहरण क्वचितच सापडेल. (आडनाव ओळखीचे वाटले, तरी आपल्याकडील मान्यांशी त्याचा काहीही संबंध नाही!) त्याचा जन्म १० एप्रिल १९९२ चा, सेनेगलच्या दक्षिणेकडील कासामान्स भागातील बांबाली या खेड्यातला. वडील गावातील मशिदीचे इमाम. तो लहान असतानाच ते आजारी पडले आणि वारले. गावात रुग्णालय नव्हते, हे त्याने पुढे अनेक मुलाखतींतून सांगितले आहे. तो दहा वर्षांचा असताना, ३१ मे २००२ रोजी, सेनेगलने विश्वचषकाच्या पहिल्याच सामन्यात जगज्जेत्या फ्रान्सला नमविले. खेळाने माणसाचे नशीब बदलू शकते, ही कल्पना त्या देशातील असंख्य मुलांच्या मनात त्या दिवशी रुजली असल्यास नवल नाही.

घरच्यांचा विरोध होता. तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचा हा मुलगा कोणाला न सांगता राजधानी डाकारला पळून गेला. घरच्यांनी त्याला परत आणले, पण अखेर त्याचा हट्ट मानावा लागला. डाकारजवळील ‘जनरेशन फूट’ या अकादमीच्या निवड चाचणीला तो फाटके बूट घालून गेला होता, ही हकिगत त्यानेच सांगितली आहे. ही अकादमी २००० मध्ये स्थापन झाली. फ्रान्समधील मेट्झ क्लबशी तिचा २००३ पासून करार आहे. मेट्झने अकादमीला साहाय्य करावयाचे आणि त्या बदल्यात तेथील गुणी मुलांवर पहिला हक्क मेट्झचा, असे त्याचे स्वरूप आहे. माने याच वाटेने फ्रान्सला पोचला.

मूल्यवृद्धी कोठे झाली?

पुढील आकडे वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झालेले आहेत. २०१२ मध्ये ऑस्ट्रियातील साल्झबर्ग क्लबने मेट्झला माने याच्यासाठी सुमारे ४० लाख युरो दिले. २०१४ मध्ये इंग्लंडच्या साउथॅम्प्टनने साल्झबर्गला १ कोटी १८ लाख पौंड मोजले. मे २०१५ मध्ये ॲस्टन व्हिलाविरुद्ध त्याने अवघ्या २ मिनिटे ५६ सेकंदांत तीन गोल केले. प्रीमियर लीगच्या इतिहासात इतक्या थोड्या वेळात असा पराक्रम तोवर कोणी केला नव्हता. २०१६ मध्ये लिव्हरपूलने त्याला घेतले, तेव्हाची प्राथमिक किंमत ३ कोटी पौंड होती. म्हणजे चार वर्षांत बाजारभाव सुमारे नऊपट झाला. लिव्हरपूलकडून २६९ सामन्यांत त्याने १२० गोल केले. २०१९ मध्ये युरोपचे आणि २०२० मध्ये इंग्लंडचे विजेतेपद त्या संघाने मिळविले. २०२२ मध्ये तो जर्मनीतील बायर्न म्युनिककडे आणि २०२३ मध्ये सौदी अरेबियातील अल नसरकडे गेला.

ही सारी मूल्यवृद्धी म्हणजे निव्वळ शोषण, असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. साल्झबर्ग आणि साउथॅम्प्टन येथील प्रशिक्षकांनी त्याच्या खेळाला पैलू पाडले. शिवाय क्लब जोखीम पत्करतात; घेतलेला प्रत्येक खेळाडू माने होत नाही. भुईमुगाच्या शेंगेला वेतन मिळत नसते. खेळाडूला मिळते आणि त्याला स्वतःची इच्छा असते, हा फरकही मोठा आहे. तथापि, पाया घालणाऱ्याला या वाढीतून काय मिळाले, हे विचारणे अप्रस्तुत ठरत नाही.

आंतरराष्ट्रीय फुटबॉल महासंघाने, म्हणजे फिफाने, २००१ पासून यासाठी एक नियम केला आहे. करार चालू असताना खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशातील क्लबकडे गेला, की किमतीच्या ५ टक्के रक्कम त्याला वयाच्या १२ ते २३ या वर्षांत घडविणाऱ्या क्लबांत वाटावयाची. बाराव्या ते पंधराव्या वर्षापर्यंत प्रत्येक वर्षाला पाव टक्का आणि पुढील प्रत्येक वर्षाला अर्धा टक्का. ज्या संस्थेने सोळाव्या आणि सतराव्या वर्षी मुलाला शिकविले, तिचा वाटा एक टक्का होईल. १ कोटी १८ लाख पौंडांच्या व्यवहारात तो १ लाख १८ हजार पौंड भरतो. डाकारमधील एखाद्या अकादमीच्या दृष्टीने ही रक्कम लहान नव्हे.

पण मेख पुढेच आहे. २०२० पर्यंत हा नियम एकाच देशातील दोन क्लबांच्या व्यवहाराला लागू नव्हता. साउथॅम्प्टन आणि लिव्हरपूल हे दोन्ही क्लब इंग्लंडचे. सबब माने याच्या किमतीने ज्या व्यवहारात सर्वांत मोठी उडी घेतली, त्या ३ कोटी पौंडांवर या नियमाखाली आफ्रिकेतील संस्थेचा कवडीचाही हक्क नव्हता. जुलै २०२० पासून ही फट बुजविण्यात आली, आणि रकमेचे वाटप बिनचूक व्हावे म्हणून २०२२ च्या नोव्हेंबरात पॅरिस येथे फिफाचे स्वतंत्र समाशोधन गृह सुरू झाले. सुधारणा स्वागतार्ह खऱ्या. मात्र नोंदणीकृत क्लब नसलेल्या खेड्याच्या मैदानाला आजही या हिशेबात स्थान नाही. ज्याची नोंद नाही, त्याचे श्रमही नाहीत, हा असंघटित क्षेत्राचा जुना अनुभव येथेही येतो.

दान आणि हक्क

बांबालीला काहीच मिळाले नाही काय? मिळाले. माने याने गावात शाळा बांधून दिली आणि २०२१ मध्ये रुग्णालय उभारले. ज्या उणिवेची झळ त्याच्या घराला लागली होती, ती त्याने इतरांसाठी दूर केली. ६ फेब्रुवारी २०२२ रोजी आफ्रिकन करंडकाच्या अंतिम सामन्यात आरंभीच पेनल्टी हुकल्यावरही अखेरची निर्णायक पेनल्टी त्यानेच मारली आणि सेनेगलला पहिले विजेतेपद मिळवून दिले. त्याचे मोठेपण निर्विवाद आहे.

परंतु एखाद्या गावाला रुग्णालय मिळावे की नाही, हे त्या गावातील मुलाच्या गोलांवर अवलंबून असावे काय? दान हे व्यक्तीच्या मनावर असते, हक्क व्यवस्थेवर असतो. कासामान्समधील ज्या खेड्यांत माने जन्मला नाही, त्यांनी कोणाची वाट पाहावी?

दुसरी बाजूही विसरता कामा नये. एका माने याच्या यशाकडे पाहून हजारो मुले शाळा सोडतात. बनावट दलाल कुटुंबांकडून पैसे उकळतात आणि मुलांना परक्या शहरात वाऱ्यावर सोडतात. अठरा वर्षांखालील मुलांच्या परदेशी बदलीवर फिफाने २००१ पासून निर्बंध घातले, ते याचसाठी. कॅमेरूनचे माजी खेळाडू जाँ-क्लोद म्बुमँ यांनी पॅरिसमध्ये अशा फसलेल्या मुलांसाठी संस्था काढावी लागली, यातच सर्व आले. युरोपची दारे न उघडलेले कित्येक आफ्रिकी खेळाडू अन्य देशांत पोट भरतात. गोव्याच्या मैदानांवर धेंपोकडून खेळलेला रँटी मार्टिन्स किंवा चर्चिल ब्रदर्सचा ओडाफा ओकोली हे नायजेरियाचे खेळाडू आपल्या प्रेक्षकांना ठाऊक आहेत. त्यांना निदान नाव मिळाले. बहुसंख्यांना तेही मिळत नाही.

यावर उपाय निर्यातबंदीचा नाही. हुशार तरुणाला रोखून कोणताही देश श्रीमंत झालेला नाही. पाच टक्क्यांचा वाटा वाढविणे, खेड्यांतील मैदानांची व शाळांची नोंदणी करणे आणि अकादमीत शिक्षण सक्तीचे करणे, एवढे तरी करता येण्याजोगे आहे. तेलगिरण्यांच्या काळात शेतकऱ्याला भाव ठरविण्याचा अधिकार नव्हता. स्वतंत्र सेनेगलला तो मिळविता येईल, पण त्यासाठी गोलांइतकेच नियमांकडेही लक्ष द्यावे लागेल.