राक्षस पाळणारी मुलं

गेल्या नवरात्रातली गोष्ट. चिरंजीव शिकवणीला गेले होते, सौ. देवळात. टेबलावर त्याचं ते खेळायचं यंत्र पडलेलं. माझ्या मडगावच्या बहिणीचे यजमान बोटीवर नोकरीला. त्यांनी कधीतरी परदेशातून गेम बॉय अ‍ॅडव्हान्सची दोन जुनी यंत्रं आणली होती. थोरला भाचा अभ्यासाला लागला तेव्हा त्याचं यंत्र आमच्याकडे बेळगावला आलं. आत पोकेमॉनचा 'फायर रेड' हा २००४ सालचा खेळ. पोरगा दीड वर्षं यात एवढं काय बघतो, ते बघू तरी म्हणून मी ते हातात घेतलं.

नवा खेळ सुरू केला, पंधरा-वीस मिनिटं खेळलो आणि जतन करायला गेलो. पडद्यावर काहीतरी सूचना आली. मोबाईलवर आपण न वाचता 'होय' म्हणतो, तसंच म्हटलं. सूचना अशी होती की आधीचा खेळ, त्यातल्या वस्तू आणि सगळे प्राणी कायमचे जातील. या खेळाच्या एका कॅसेटमध्ये एकच डाव साठवता येतो, हे मला कोण सांगणार?

संध्याकाळी पोराच्या लक्षात आलं. त्याने जमवलेले शंभराच्या आसपास प्राणी गेले होते. माझी अपेक्षा होती की तो आकड्यावरून रडेल. तो एवढंच म्हणाला, "बाबा, बांगडापण गेला?" आणि त्या रात्री जेवला नाही.

हा बांगडा म्हणजे खेळातला मॅजिकार्प नावाचा मासा. खेळाच्या सुरुवातीलाच डोंगराच्या अलीकडे एक विक्रेता भेटतो आणि गोड बोलून पाचशे नाण्यांना तो गळ्यात मारतो. मासा संपूर्ण निरुपयोगी. लढाईत त्याला सुरुवातीला फक्त उड्या मारता येतात आणि त्या उड्यांनी समोरच्याचं काहीही बिघडत नाही. शहाणा माणूस तो पेटीत टाकून विसरून जाईल. पण त्याला वाढवत वाढवत विसाव्या पातळीपर्यंत नेलं, तर त्याचा गॅराडॉस नावाचा प्रचंड, उग्र जलराक्षस होतो. धबधबा चढून जाणारा मासा शेवटी ड्रॅगन होतो अशी एक जुनी चिनी आख्यायिका आहे, तिच्यावरून हे घेतलेलं आहे. आमच्या चिरंजीवांनी त्याचं बारसं करून 'बांगडा' नाव ठेवलं आणि प्रत्येक लढाईत त्याला क्षणभर पुढे करून लगेच मागे घेत, दुसऱ्याच्या जिवावर त्याला मोठा केला. घरचा बांगडा फक्त ताटात ठाऊक असलेल्या माझ्यासारख्याला हे प्रेम कळायला वेळ लागला.

लहानपणी मीही काडेपेट्यांचे छाप जमवले. चिप्सच्या पुड्यातल्या पोकेमॉनच्या चकत्या जमवणारी पुढची पिढीही पाहिली. तेव्हा हा खेळ म्हणजे तोच नाद, फक्त बॅटरीवर चालणारा, असं माझं मत होतं. आता ते अर्धंच खरं वाटतं. छाप मिळाला की संपला. तो वाढत नाही आणि त्याला कोणी नाव ठेवत नाही.

खेळाचा जनक सातोशी ताजिरी. टोकियोजवळच्या माचिदा गावात वाढलेला, लहानपणी किडे पकडण्याचं वेड. पुढे शहर वाढलं, शेतं आणि तळी बुजली, किडेही गेले. शहरातल्या मुलांना ती मजा परत द्यावी हे त्याच्या डोक्यात होतं. गेम बॉयची दोन यंत्रं जोडणारी वायर पाहून त्याला वाटलं, हिच्यावरून किडा या यंत्रातून त्या यंत्रात चालत जाईल. २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये 'रेड' आणि 'ग्रीन' असे दोन खेळ निघाले. दोन का? तर काही प्राणी फक्त एकात, काही फक्त दुसऱ्यात. एकट्याने कितीही डोकं फोडलं तरी संग्रह पुरा होत नाही. शेजारच्या मुलाकडे जावंच लागतं.

इथे माझ्यातला अर्थशास्त्राचा मास्तर जागा झाला. वस्तुविनिमयाची अडचण आम्ही वर्गात शिकवतो : माझ्याकडे जे आहे ते तुला हवं असलं पाहिजे, आणि तुझ्याकडचं मला. पोरं ते न शिकता करतात. शिवाय काही प्राणी असे, की दुसऱ्याच्या यंत्रात गेल्याशिवाय त्यांचं शेवटचं रूपांतर होतच नाही. व्यापाराने दोघांचाही फायदा होतो हे पटवायला मला एक अख्खं सत्र लागतं!

डेसी आणि रायन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचं म्हणणं असं, की माणसाला स्वतः निवड करणं, एखादी गोष्ट जमणं आणि कोणाशी तरी जोडलेलं असणं, या तिन्हींची भूक असते. २००६ साली रायन यांनी सहकाऱ्यांबरोबर हाच विचार व्हिडिओ गेमना लावून पाहिला. मला पटलं. पण बांगडा त्यात पुरता बसत नाही. तो बसतो तो 'नझलॉक' नावाच्या एका प्रकारात. २०१० पासून काही खेळाडूंनी स्वतःवर लादून घेतलेला हा नियम : लढाईत बेशुद्ध पडलेला प्राणी मेला असं समजून सोडून द्यायचा, आणि प्रत्येकाला नाव ठेवायचंच. खेळ अवघड करायला पहिला नियम पुरेसा होता. दुसरा नियम घातला तो तो प्राणी गेल्याचं दुःख व्हावं म्हणून.

मोबाईलवर हल्ली पैसे भरून नशिबाने प्राणी काढायचे खेळ निघालेत, ते मात्र मी यात धरत नाही. तो मटकाच. त्यात वाढवायला लागणारा वेळही विकत मिळतो, मग बांगडा कुठून येणार?

दिवाळीला मडगावची मंडळी आली. चवथीला तिकडे गेलो होतो तेव्हा चिरंजीवांनी आपला एक दगडी प्राणी, नाव 'धोंडू', रूपांतरासाठी धाकट्या भाच्याच्या 'लीफ ग्रीन'मध्ये पाठवला होता आणि बदल्यात व्हल्पिक्स नावाची कोल्ही घेतली होती. कोल्ही माझ्या हातून गेली. धोंडू मडगावला सुखरूप होता. भाच्याने काही न मागता वायर जोडली आणि त्याला परत पाठवलं. एखादा भुरटा प्राणी बदल्यात द्यावा लागला, कारण यंत्र फुकट देणं मानत नाही.

धोंडूच्या पानावर मूळ मालक म्हणून चिरंजीवांचंच नाव होतं. पण पुढचा नंबर जुन्या खेळाचा. नव्या खेळाच्या दृष्टीने धोंडू परक्याचा. असा परका प्राणी दीडपट वेगाने शिकतो, पण मालकाकडे पुरेसे बिल्ले नसतील तर ऐकत नाही. हॉस्टेलहून आलेल्या मुलासारखंच म्हणा. चौथा बिल्ला मिळेपर्यंत तो असाच वागणार. सध्या लढाईत पाठवला की तोंड फिरवतो, नाहीतर सरळ झोपतो. पोरगा तरीही रोज त्यालाच पुढे काढतो.

परवा त्याने त्या डोंगराजवळच्या विक्रेत्याकडून पुन्हा एक मासा घेतला. मी विचारलं, "बांगडाच का?"

"नाही बाबा," तो म्हणाला, "तो वेगळा होता. ह्याचं नाव तारली."