भाड्याचे घर आणि जंगम शहाणपण

भाड्याच्या घरात भिंतीला खिळा ठोकावयाचा झाला तरी घरमालकाला विचारावे लागते, हा आपल्याकडील अलिखित दंडक लक्षात घेतला म्हणजे, त्याच घरातले दिवे, पंखे, गिझर आणि दाराचे कुलूप फोनच्या हुकमतीखाली आणण्याचा भाडेकरूचा मनसुबा प्रथमदर्शनी दुःसाहसाचा वाटतो. तथापि पुण्याच्या हिंजवडी-खराडीपासून ठाण्याच्या घोडबंदर मार्गापर्यंत, अकरा महिन्यांच्या करारावर बिऱ्हाड थाटणाऱ्या असंख्य कुटुंबांना ही ‘स्मार्ट’ उपकरणे खुणावू लागली आहेत, आणि ती घेऊच नका असे सांगणे जितके व्यर्थ, तितकेच ती स्वतःच्या घरात बसवावीत तशी बसवा असे सांगणे घातक आहे. मालमत्तेचे स्थावर आणि जंगम असे दोन भाग आपल्या महसुली व्यवहारात पूर्वापार चालत आले आहेत. भाडेकरूने शहाणपणही जंगमच विकत घ्यावे, स्थावर शहाणपण मालकाच्या इच्छेवर सोडावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुंबईच्या १९४७ सालच्या भाडे-नियंत्रण कायद्याच्या छत्राखाली ज्यांची हयात एकाच खोलीत गेली, त्या भाडेकरूंनी पदरमोड करून फरशी बदलली, ओटे बांधले, क्वचित पोटमाळेही चढवले. कारण तिथून आपल्याला कोणी उठवणार नाही, अशी त्यांची खात्री होती. आजचा भाडेकरू बहुधा ‘लिव्ह अँड लायसन्स’च्या, म्हणजे परवान्याच्या, दस्तावर राहतो, आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या २४ व्या कलमान्वये, मुदत सरल्यावर त्याने ताबा सोडला नाही, तर ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई त्याच्या माथी बसते. परवानगीने आत ठेवलेले आपले सामान हलवण्यास परवानाधारकाला वाजवी अवधी मिळावा, असे सुविधाधिकारांच्या १८८२ सालच्या अधिनियमाचे ६३ वे कलम म्हणते खरे. परंतु जे प्लास्टरमध्ये गाडले गेले किंवा ज्यासाठी दाराला भोक पाडले, ते सामान राहिले की मालकाच्या मिळकतीचा भाग झाले, हा वाद अनामत रकमेच्या हिशेबात उपस्थित झाला म्हणजे तो कलमांनी नव्हे, मालकाच्या मर्जीनेच बहुधा मिटतो. वर उल्लेखिलेल्या १९९९ च्या कायद्याचे ५५ वे कलम करार लेखी व नोंदणीकृत असावा असे बजावते आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकते. तेव्हा कोणती उपकरणे भाडेकरूची आहेत व ती तो जाताना नेणार आहे, एवढे एक वाक्य नोंदणीपूर्वीच दस्तात घालून घ्यावे.

प्रारंभ करावयाचा तो स्मार्ट प्लगपासून. भिंतीवरील सॉकेट आणि उपकरण यांच्या मध्ये बसणारा हा ठोकळा वीजप्रवाह चालू-बंद करतो, वेळापत्रक पाळतो, आणि काही प्लग तर किती वीज खर्च झाली याचाही हिशेब देतात. मात्र आपल्याकडे सॉकेटांच्या ६ अँपिअर आणि १६ अँपिअर अशा दोन जाती आहेत, हे विसरून चालणार नाही. २३० व्होल्टच्या दाबाने ६ अँपिअरचा प्लग जेमतेम १,३८० वॉटचा भार पेलतो, आणि साठवणीचा गिझर सामान्यतः २,००० वॉट किंवा त्याहून अधिक ओढतो. म्हणून गिझर, वातानुकूलन यंत्र यांना १६ अँपिअरचाच प्लग हवा, व तोही नामांकित बनावटीचा. गिझर पहाटे ठरल्या वेळी सुरू होऊन अर्ध्या तासाने आपोआप बंद व्हावा, ही सोय मला रंगीबेरंगी दिव्यांच्या सगळ्या करामतींपेक्षा मोलाची वाटते. कारण २,००० वॉटचा गिझर अर्धा तास तापला की एक युनिट जळते, आणि तो बंद करावयास विसरणारे घर महाराष्ट्रात विरळाच.

स्मार्ट दिव्याची गोष्ट थोडी नाजूक आहे. आपल्या घरांतील दोन खुंट्यांच्या जुन्या होल्डरात बसणारे असे दिवे सहज मिळतात आणि घर सोडताना पिळून काढून पिशवीत टाकता येतात. परंतु या दिव्याचे चातुर्य त्याच्या पोटात असल्याने त्याला अखंड वीज लागते, आणि घरातील आजींनी सवयीप्रमाणे निजताना भिंतीवरचे बटण बंद केले की फोनवरून कितीही आज्ञा सोडल्या तरी तो ढिम्म हलत नाही. यात दोष आजींचा नाही. ज्या घरात पाहुणा, वडीलधारे माणूस किंवा कामाला येणाऱ्या मावशी यांना दिवा लावण्यासाठी कोणाच्या तरी फोनची वाट पाहावी लागते, ते घर शहाणे नव्हे, हट्टी आहे. यावर उपाय म्हणून सेलवर चालणारे बिनतारी बटण मिळते. ते दुहेरी चिकटपट्टीने जुन्या बटणाशेजारी लावावे. चिकटपट्टी मात्र डिस्टेंपरच्या भिंतीवर लावू नये, काढताना ती रंगाचा पापुद्रा सोबत आणते. दाराची तैलरंगाची चौकट किंवा स्वयंपाकघरातील टाइल त्यास अधिक योग्य. शिवाय वीज जाऊन परत आली की काही दिवे मध्यरात्रीही आपणहून लख्ख पेटतात. वीज परतल्यावर दिव्याने कोणती स्थिती धरावी, हे ठरवण्याची मुभा बहुतेकांच्या ॲपमध्ये असते. ती पहिल्याच दिवशी वापरावी.

मालकाचे वातानुकूलन यंत्र आणि दूरचित्रवाणी संच यांना हात न लावता शहाणे करण्याचे साधन म्हणजे अवरक्त किरण सोडणारी एक लहानशी डबी. ती रिमोटचे संकेत शिकून घेते आणि फोनवरून आज्ञा येताच तेच संकेत फेकते. तिचे किरण भिंतीपलीकडे जात नाहीत, त्यामुळे प्रत्येक खोलीस वेगळी डबी लागते, एवढीच तिची मर्यादा. ही बहुतेक उपकरणे वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यावरच बोलतात, आणि राउटरवर दोन पट्टे असून फोन ५ गिगाहर्ट्‌झवर असला की जोडणी अनेकदा अडते, ही नवशिक्यांची नित्याची तक्रार. राउटर स्वतःचाच असावा. नव्या घरी गेल्यावर वाय-फायचे नाव आणि परवलीचा शब्द जुनाच ठेवला, तर सारी उपकरणे त्या घरालाही आपलेच समजून मुकाट कामाला लागतात. ही युक्ती अनेकांना ठाऊक नसते आणि स्थलांतराच्या धामधुमीत ती एक सबंध संध्याकाळ वाचवते. निरनिराळ्या कंपन्यांची उपकरणे एकमेकांशी बोलावीत म्हणून २०२२ साली ‘मॅटर’ नावाचे समान मानक आले आहे. खरेदी करताना खोक्यावर त्याची खूण पाहावी.

स्विचबोर्डाच्या मागे बसणाऱ्या रिले-मोड्यूलचा मोह अनेकांना होतो, आणि तो निष्कारण नाही: नेहमीची बटणे तशीच राहून ती फोनवरूनही चालतात, म्हणजे आजींचाही प्रश्न सुटतो. अमेरिकेतील जुन्या घरांत स्विचच्या डबीत या मोड्यूलला लागणारी न्यूट्रल तार बहुधा नसते आणि तेथील भाडेकरूची गाडी तिथेच अडते. आपल्याकडे बटणांच्या शेजारीच सॉकेट बसवण्याची पद्धत असल्याने त्या बोर्डात न्यूट्रल बहुधा हाती लागते. परंतु हे काम भिंतीच्या आतले आहे. मालकाची लेखी संमती घेतल्यावाचून आणि परवानाधारक वायरमनला बोलावल्यावाचून त्यात पडू नये. मूळ जोडणीचे छायाचित्र काढून ठेवावे. कमी वीज घेणाऱ्या बीएलडीसी पंख्याबाबतही हेच. नेहमीचा पंखा ७५ वॉटच्या आसपास वीज घेतो, तर हा ३० च्या आसपास, आणि त्याच्यासोबत रिमोट येतो. मात्र त्याच्या मार्गातून जुना रेग्युलेटर दूर करावा लागतो, आणि मालकाचा पंखा माळ्यावर जपून ठेवावा लागतो.

दाराच्या स्मार्ट कुलपाला मी सरसकट विरोध करीन. त्याने दाराला कायमची भोके पडतात आणि किल्ली कोणाकोणाकडे असावी यावरून मालकाशी खटका उडतो. त्याऐवजी चौकटीला चिकटवण्याचा चुंबकीय संवेदक दार उघडल्याची वर्दी फोनवर देतो, आणि तेवढे बहुतेकांस पुरते. स्वयंपाकघरात गॅसगळतीचा संवेदक अवश्य ठेवावा. सिलिंडरचा वायू हवेपेक्षा जड असल्याने तो छताशी नव्हे, जमिनीलगत ठेवावयाचा असतो, ही गोष्ट विक्रेतेही पुष्कळदा सांगत नाहीत. कॅमेऱ्याचे तोंड शेजाऱ्याच्या दाराकडे किंवा सामायिक जिन्याकडे नसावे, आणि घरात काम करणाऱ्या माणसांना त्याची पूर्वकल्पना द्यावी. उलटपक्षी, भाड्याने दिलेल्या घराच्या आत मालकाने स्वतःचा कॅमेरा चालू ठेवणे हे सर्वथा निषिद्ध मानले पाहिजे. स्त्रीचे खासगी क्षण चोरून टिपणे हा तर भारतीय न्याय संहितेच्या ७७ व्या कलमाखाली गुन्हाच आहे. घर पाहावयास जाल तेव्हा, आत मालकाची काही स्मार्ट उपकरणे आहेत काय, हे निःसंकोच विचारा, आणि असतील तर मागील भाडेकरूचे खाते पुसून ती तुमच्या समक्ष नव्याने जोडून मागा.

घर सोडताना बसवले त्याच्या उलट क्रमाने जावे. मागे राहणारे प्रत्येक उपकरण ॲपमधून काढावे, मूळ स्थितीत आणावे, मालकाचे दिवे, पंखे आणि रेग्युलेटर पूर्ववत बसवावेत, आणि मालकाच्या उपस्थितीत एकेक बटण दाबून दाखवावे. ताबा परत दिल्याची पावती लेखी घ्या, आणि अनामत रक्कम खात्यात जमा होईपर्यंत बोर्डांची व भिंतींची छायाचित्रे फोनमधून पुसू नका.