विवरणपत्राचा खर्च कोणी सोसावा?

आयकराचे विवरणपत्र सादर करणे हे कायद्याने नागरिकावर घातलेले बंधन आहे. ते भरण्यासाठी लागणारी संगणकीय आज्ञावली, म्हणजेच सॉफ्टवेअर, नागरिकाने बाजारातून विकत घ्यावी की शासनाने ती सर्वांना विनामूल्य पुरवावी, हा प्रश्न गेली वीसबावीस वर्षे निरनिराळ्या देशांत चर्चिला जात आहे. वरवर पाहता हा केवळ सोयीचा प्रश्न वाटतो. तथापि जे कर्तव्य शासनाने सक्तीचे केले, ते पार पाडण्याचे साधन शासनाने द्यावयाचे की नाही, असे त्याचे खरे स्वरूप आहे.

एक साधे उदाहरण घेऊ. २०२५ च्या वित्त अधिनियमानुसार नव्या करप्रणालीत १२ लाख रुपयांपर्यंतच्या सर्वसाधारण वार्षिक उत्पन्नावर सवलतीमुळे कर देय राहत नाही. पगारदारांना ७५ हजार रुपयांची प्रमाणित वजावट मिळत असल्याने त्यांच्यासाठी ही मर्यादा १२ लाख ७५ हजारांपर्यंत जाते. परंतु मूळ करमुक्त मर्यादा ४ लाख रुपयांचीच आहे, आणि उत्पन्न त्यापेक्षा अधिक असल्यास विवरणपत्र भरावेच लागते. म्हणजे प्राथमिक शाळेतील शिक्षकाचा कर शून्य असला तरी विवरणपत्र चुकत नाही. ते भरून देणाऱ्याला तो जे शुल्क देतो, तो कर नव्हे हे खरे. पण कायद्यापायी झालेला खर्च तर तो आहेच.

अमेरिकेचा अनुभव

या प्रश्नाची सर्वांत उद्बोधक हकीकत अमेरिकेची आहे. तेथे विवरणपत्रे तयार करून देणे हा खाजगी कंपन्यांचा मोठा व्यवसाय आहे. २००२ मध्ये तेथील करखात्याने या कंपन्यांशी करार केला. ठराविक उत्पन्नाखालील करदात्यांना कंपन्यांनी मोफत सेवा द्यावी आणि खात्याने स्वतःची आज्ञावली काढू नये, असा त्याचा आशय होता. २००३ पासून सेवा सुरू झाली. तिचे फळ काय मिळाले? करप्रशासनावर देखरेख ठेवणाऱ्या तेथील महानिरीक्षकांच्या २०२० च्या अहवालानुसार २०१८ या करवर्षासाठी सुमारे १० कोटी ४० लाख करदाते या सेवेस पात्र होते. लाभ घेणारे निघाले केवळ २५ लाख. एक कोटीहून अधिक पात्र करदात्यांनी फुकट मिळणाऱ्या कामासाठी पैसे मोजले असावेत, असेही त्या अहवालात नमूद आहे. मोफत सेवेचे दार सशुल्क सेवा विकणाऱ्याच्याच दुकानातून उघडत असेल, तर ते ग्राहकाला सहजी सापडू नये यात नवल नाही. मोफत सेवेच्या जाहिरातींनी लोकांची दिशाभूल केल्याच्या आरोपावरून एका मोठ्या कंपनीस २०२२ मध्ये सर्व ५० राज्यांशी तडजोड करून १४ कोटी १० लाख डॉलर द्यावे लागले.

खात्याने आज्ञावली काढू नये ही अट डिसेंबर २०१९ मध्ये वगळण्यात आली. २०२४ मध्ये १२ राज्यांत सरकारी आज्ञावलीचा प्रयोग झाला व सुमारे १ लाख ४० हजार विवरणपत्रे तिच्यातून स्वीकारली गेली. २०२५ मध्ये राज्ये २५ झाली आणि विवरणपत्रे तीन लाखांच्या जवळ पोहोचली. त्यानंतर, २०२६ मध्ये ही सेवा मिळणार नाही, असे नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्यांना कळविण्यात आले. दुसरीकडे डेन्मार्कसारख्या देशाने १९८८ पासूनच, शासनापाशी असलेली माहिती आधी भरून मग नागरिकास ती तपासावयास देण्याची पद्धत अवलंबिली आहे.

सेवेला उत्पन्नाची अट घातली की आपण पात्र आहोत की नाही हे नागरिकालाच शोधावे लागते, आणि तेथेच तो मागे फिरतो. म्हणून सेवा द्यावयाची तर ती सरसकट सर्वांना द्यावी, हेच इष्ट.

आपल्याकडील स्थिती

भारतात हा प्रश्न तत्त्वतः सुटलेला आहे. २००४ मध्ये संगणकाद्वारे विवरणपत्र सादर करण्यास प्रारंभ झाला. आयकर खात्याच्या संकेतस्थळावरील आज्ञावलीला शुल्क नाही व उत्पन्नाची अटही नाही. २०१९ च्या अर्थसंकल्पात आधीच भरलेल्या विवरणपत्रांची घोषणा झाली आणि नोव्हेंबर २०२१ पासून व्याज, लाभांश, रोख्यांचे व्यवहार इत्यादींची नोंद असलेले वार्षिक माहिती विवरण करदात्यास पाहावयास मिळू लागले. ३१ जुलै २०२४ पर्यंत त्या वर्षाची ७ कोटी २८ लाखांहून अधिक विवरणपत्रे दाखल झाली होती. नमुन्यांची नावे सोपी ठेवण्यात तर खात्याने कधीच कसूर केलेली नाही: आधी ‘सरल’, मग ‘सहज’, मग ‘सुगम’.

असे असूनही असंख्य करदाते दुसऱ्याकडून विवरणपत्र भरून घेतात. मराठीत सारे कामकाज करणाऱ्या शिक्षकापुढे इंग्रजी करसंज्ञा उभ्या राहिल्या की तो बिचकतो. कोणता नमुना भरावा, जुनी करप्रणाली घ्यावी की नवी, हे त्याला निश्चित सांगणारे कोणी नसते. चूक झाल्यास नोटीस येईल ही धास्ती निराळीच. आयकर अधिनियम, २०२५ ने ‘मागील वर्ष’ आणि ‘आकारणी वर्ष’ ही गोंधळाची जोडी काढून ‘कर वर्ष’ ही एकच संज्ञा ठेवली, ही इष्ट सुधारणा होय. परंतु भीती केवळ संज्ञांनी जात नाही.

या भीतीचा लाभ कोण घेते, हे जुलै २०२५ मध्ये उघड झाले. खोट्या वजावटी दाखवून परतावे मिळवून देणाऱ्या मध्यस्थांविरुद्ध आयकर खात्याने महाराष्ट्रासह अनेक राज्यांत मोठी तपासणी हाती घेतली. राजकीय पक्षांना देणग्या, वैद्यकीय विमा, शैक्षणिक कर्ज, घरभाडे अशा नावांखाली, कधीही न झालेले खर्च विवरणपत्रांत दाखविले गेले होते. त्यांत शासकीय आस्थापना आणि शैक्षणिक संस्थांमधील कर्मचारीही होते. काही मध्यस्थांनी ही विवरणपत्रे तात्पुरते ई-मेल पत्ते निर्माण करून भरली आणि पुढे ते पत्ते सोडून दिले. त्यामुळे खात्याने पाठविलेल्या सूचना संबंधितांनी कधी वाचल्याच नाहीत. आधीच्या चार महिन्यांत सुमारे ४० हजार करदात्यांनी विवरणपत्रे सुधारून १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतले होते.

विवरणपत्रातील मजकुराची जबाबदारी कायद्याने करदात्याची असते, भरून देणाऱ्याची नव्हे. उत्पन्नाची चुकीची माहिती दिल्याचे सिद्ध झाल्यास बुडविलेल्या कराच्या दुप्पट दंड होऊ शकतो. वाढीव परताव्याच्या आशेने मध्यस्थाच्या हाती पासवर्ड देणाऱ्या कर्मचाऱ्याने हे लक्षात घेणे आवश्यक आहे.

कर गोळा करणाराच विवरणपत्र तयार करू लागला, तर करदात्याच्या हिताची वजावट तो का सुचवील, असा आक्षेप घेण्यात येतो. तो निराधार नाही. म्हणूनच करदात्यास माहिती बदलण्याचा आणि हवा त्या सल्लागाराकडे जाण्याचा अधिकार राहिला पाहिजे. व्यापारी व गुंतागुंतीच्या उत्पन्नासाठी सनदी लेखापालांची गरज राहणारच. एकाच सरकारी यंत्रणेवर सर्वांनी अवलंबून राहण्यातही धोका आहे. ७ जून २०२१ रोजी नवे संकेतस्थळ सुरू होताच उद्भवलेल्या अडचणी अनेकांच्या स्मरणात असतील. त्या वर्षी मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवावी लागली.

या व्यवस्थेतील एक दुवा गावातच आहे. आज्ञावली माहिती आपोआप भरते, ती कर कापणाऱ्या कार्यालयांनी पाठविलेल्या विवरणावरून. ठेकेदाराच्या देयकातून ग्रामपंचायतीने कर कापला, पण त्रैमासिक विवरण पाठविले नाही किंवा पॅन क्रमांकाचा एक अंक चुकविला, तर त्या ठेकेदाराच्या खात्यावर ती कपात दिसत नाही. शिक्षकांच्या पगाराचेही तसेच. मग तो मनुष्य चिंतेने मध्यस्थाचा उंबरठा झिजवतो. आर्थिक वर्षाच्या शेवटच्या तिमाहीचे हे विवरण ३१ मे पर्यंत पाठवावयाचे असते. ते वेळेवर गेले किंवा नाही, हे पंचायत सदस्यांनी मासिक सभेत आणि मुख्याध्यापकांनी वेतन अदा करणाऱ्या कार्यालयात विचारावयास हरकत नाही.