ट्रॉफी दिली, पुढे काय?

जून महिना आला की आमच्या तालुक्याच्या गावात गुणगौरव समारंभांचा हंगाम सुरू होतो. शाळेचं पटांगण, भाड्याचा मंडप, खरखरणारा माईक, स्टेजवर पाहुण्यांची रांग. दहावीत पहिले पाच आलेल्या मुलांना शाल, श्रीफळ, ट्रॉफी. "डॉक्टर व्हा, इंजिनिअर व्हा, गावाचं नाव काढा," असं भाषण. मग फोटो, पेढे आणि आपण घरी! सामाजिक कामात असल्यामुळे अशा कितीतरी समारंभांना मी गेले आहे, माझ्या हातानं ट्रॉफ्या दिल्या आहेत. छानच वाटतं. पण एका ट्रॉफीनं मला चांगलंच भानावर आणलं.

२०१९ सालची गोष्ट. शाळेत मुलींमध्ये पहिली आलेली पोर ऊसतोड कामगाराची होती. आमच्या बीड जिल्ह्यात हे काही नवं नाही. दिवाळी झाली की आईबाप कोयता घेऊन कारखान्याला जातात, ते उन्हाळ्यातच परततात. आजीजवळ राहून, स्वयंपाक करून, धाकट्या भावाला सांभाळून या पोरीनं ८८ टक्के मिळवले होते. ट्रॉफी घेताना तिची आई स्टेजखाली पदरानं डोळे पुसत होती. मीही तोंडभरून म्हणाले, "शिक हो बाळा, खूप शिक!"

२०२२ च्या संक्रांतीला मी वाणाचं सामान घ्यायला बाजारात गेले होते. मागून हाक आली, "काकू, ओळखलं का?" बघते तर तीच. गळ्यात मंगळसूत्र, कडेवर लेकरू. लॉकडाऊनमध्ये मोजक्या माणसांत लग्न उरकलं होतं, तेव्हा तिला अठरावं लागायलाही अवकाश होता. काय बोलावं ते मला सुचेना. उगीच विचारलं, "ट्रॉफी कुठंय गं?" ती हसली. "माहेरीच आहे, काकू. अकरावीला नाव घालायचं होतं, पण कागदपत्रं कुठली, पैसे किती, कुणी सांगितलंच नाही."

मैत्रिणींनो, त्या दिवशी संध्याकाळी माझ्या हळदीकुंकवाला पंचवीसजणी आल्या होत्या. मी वाण लुटत होते आणि डोक्यात एकच घोळत होतं. त्या दिवशी मंडपात चार-पाचशे माणसं होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण "बाळ, उद्या सकाळी तू कुठे जाणार आहेस?" असं तिला कुणीच विचारलं नाही. मीसुद्धा नाही.

हुशारीत आपल्या मुली कमी नाहीत, हे दरवर्षी दिसतंच. २०२५ च्या दहावीच्या निकालात राज्यातल्या ९६.१४ टक्के मुली उत्तीर्ण झाल्या, मुलगे ९२.३१ टक्के. आणि त्याच महाराष्ट्रात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी जवळजवळ २२ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी आमची ती ट्रॉफीवाली पोर हरवली होती.

मग आम्ही बचत गटातल्या सात-आठजणी मुख्याध्यापकांकडे गेलो. सर आधी म्हणाले, "ताई, इतक्या वर्षांची पद्धत आहे, कशाला मोडायची?" आम्ही म्हटलं, "मोडायची नाही सर, थोडी वाढवायची." २०२२ च्या जूनपासून तीन गोष्टी बदलल्या.

पहिली गोष्ट, सत्कार फक्त पहिल्या पाचांचा नाही. भावंडाला सांभाळूनही ज्या मुलीनं एक दिवस शाळा बुडवली नाही तिचा सत्कार, सहामाहीत गणितात नापास होऊन वार्षिकला साठ मार्क पाडणाऱ्या मुलाचाही. दुसरी, पाहुणे म्हणून पुढाऱ्यांऐवजी याच शाळेतून शिकून गेलेली माणसं. एकदा सरकारी दवाखान्यातली नर्स आली, एकदा एसटीची वाहक, एकदा आयटीआय करून वायरमन झालेला मुलगा. ती नर्स म्हणाली, "मी त्या तिसऱ्या खिडकीपाशी बसायचे." सगळ्या पोरी वळून खिडकीकडे बघायला लागल्या! "गावाचं नाव काढा" या भाषणानं असं कधी झालं नव्हतं.

आणि तिसरी गोष्ट, मंडपाच्या तोंडाशीच एक टेबल. वर पाटी, 'पुढे काय?' तिथे दोन शिक्षक आणि आम्ही दोघी-तिघी बसतो. आयांना बोलावून, चहा देऊन, समजेल अशा भाषेत सांगतो. दहावीनंतर पॉलिटेक्निकचा डिप्लोमा तीन वर्षांचा असतो आणि तो झाला की इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत शाळा-कॉलेजला जायला एसटीचा पास फुकट आहे. २०२४ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या पात्र मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी सरकारनं पूर्ण माफ केली आहे. आणि उत्पन्नाचा दाखला आजच काढायला टाका, प्रवेशाच्या आदल्या दिवशी धावपळ नको!

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो आठवीतल्या एनएमएमएस परीक्षेचा. सरकारी, जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळेतल्या मुलांसाठी ही शिष्यवृत्ती आहे. सातवीला ५५ टक्के हवेत, अनुसूचित जाती-जमातींना पाच टक्के सवलत. घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. निवड झाली तर नववी ते बारावी अशी चार वर्षं दरसाल १२ हजार रुपये, म्हणजे महिन्याला हजार, थेट मुलाच्या बँक खात्यात जमा होतात. दरवर्षी अर्ज मात्र नव्यानं भरावा लागतो.

परीक्षा साधारण डिसेंबरात, आणि आमच्याकडचे आईबाप तेव्हा कारखान्यावर! २०२२ साली आठवीतल्या एका मुलीला आई सोबत नेणार होती, फडात स्वयंपाकाला. आम्ही दोनदा घरी गेलो. शेवटी आजी म्हणाली, "राहू दे तिला माझ्यापाशी. मी म्हातारी झाले, पण भाकर थापायची सरले नाही." मुलगी राहिली, परीक्षेला बसली, निवड झाली. तिच्या बरोबरीनं अभ्यास केलेल्या दोघींची झाली नाही. त्या रडल्या, आम्हीही खट्टू झालो. पण त्या अभ्यासानं त्यांचं गणित सुधारलं, हेही खरं.

खरी गंमत पुढेच आहे. मुलगी दहावीत गेली आणि स्थळं यायला लागली. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, जोडी झाली की मुकादमाकडून उचल मिळते. मुलीची घाई होते ती त्यामुळेही. पण या वेळी तिच्या आईनं पाहुण्यांना दारातूनच सांगितलं, "पोरीचे महिन्याला हजार येतेत. लगीन लावलं की शाळा बंद, पैसे बंद. बारावीपस्तोर नाव काढू नका." हे ऐकलं आणि मला आमची सगळी भाषणं फोल वाटली. वर्षानुवर्षं "मुलगी शिकवा" म्हणून जे झालं नाही, ते त्या हजार रुपयांनी केलं. शिष्यवृत्ती पुढे चालू राहायला दहावीला साठ टक्के लागतात. पोरीनं २०२५ मध्ये ८१ आणले. आता अकरावीला आहे, रोज एसटीनं जाते.

महत्त्वाकांक्षा हा मोठा शब्द आहे, पण ती टाळ्यांवर वाढत नाही. तिला दाखला लागतो, बँकेचं पासबुक लागतं, फॉर्मची शेवटची तारीख माहीत असलेलं कुणीतरी मोठं माणूस लागतं. आपण गृहिणी घरचं रेशनकार्ड, गॅसचं पुस्तक, लसीकरणाचं कार्ड सांभाळतोच ना? मग शेजारच्या पोरीचा एक फॉर्म सांभाळणं आपल्याला जड नाही. तुमच्या गावातल्या शाळेत जाऊन एवढंच विचारा, आठवीतली किती मुलं यंदा एनएमएमएसला बसली? गेल्या वर्षीच्या दहावीतल्या मुली आता कुठे आहेत? उत्तर मिळालं नाही, तर टेबल मांडायची वेळ आली आहे असं समजा.

आणि ती बाजारात भेटलेली? मागच्या समारंभाला ती लेकराचा हात धरून आली. तिनं गुपचूप टेबलापाशी येऊन विचारलं, "काकू, मला आता काही करता येईल का?" तिचा बारावीसाठी १७ नंबरचा फॉर्म भरला आहे. सासूबाई अजून मनापासून हो म्हणालेल्या नाहीत, लेकरू लहान आहे, इंग्रजीची तिला धास्ती वाटते. पण परवा तिचा फोन आला होता. ट्रॉफी माहेराहून आणली म्हणे. टीव्हीशेजारी ठेवली आहे.