नव्वदला थरथरणारं स्टेअरिंग

पंचाहत्तरपर्यंत गाडी लोण्यासारखी चालते. ऐंशीचा आकडा ओलांडला की स्टेअरिंगमध्ये बारीक थरथर सुरू होते, नव्वदला ती मनगटापर्यंत पोचते आणि शंभरच्या आसपास पुन्हा विरून जाते. जुनी महागडी गाडी हौसेनं सांभाळणाऱ्या बहुतेकांना हा अनुभव कधी ना कधी येतो. मग गॅरेजमध्ये जाऊन ‘स्टेअरिंग हलतंय’ एवढंच सांगितलं जातं. तिथे आधी अलाइनमेंट होतं, मग बॅलन्सिंग, मग शॉकअब बदलले जातात, मग टाय रॉड. बिलाचा आकडा वाढत राहतो आणि थरथर जागच्या जागी असते. पार्ट बदलत बदलत दोष शोधायची ही रीत चुकीची आहे. थरथर कधी येते, कुठे जाणवते, कशानं वाढते हे नीट टिपलं, तर निम्मं निदान गाडी उचलण्याआधीच झालेलं असतं.

उदाहरण म्हणून मर्सिडीझची डब्ल्यू १२४ घेऊ. ही गाडी जर्मनीत १९८४ साली आली आणि १९९५ पासून पुण्यात टेल्कोच्या कारखान्यात तिची जोडणी सुरू झाली. मर्सिडीझच्या कारची भारतातली जोडणी याच गाडीनं सुरू झाली. त्या काळातल्या गाड्या आता तिशीत आहेत. काहींचं रनिंग आश्चर्य वाटावं इतकं कमी असतं आणि नेमकी तिथेच फसगत होते. सस्पेन्शनमधलं रबर किलोमीटर मोजत नाही. झाकून ठेवलेल्या गाडीतही बुश उन्हाळ्यामागून उन्हाळे सोसत कडक होतात, त्यांना चिरा पडतात.

थरथर नव्वदलाच का, याचं उत्तर साध्या हिशेबात आहे. या गाडीला साधारणपणे १९५/६५ आर १५ मापाचे टायर असतात. त्याचा घेर जवळपास २ मीटर. ताशी ९० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५ मीटर, म्हणजे चाक सेकंदाला साडेबारा फेरे घेतं. टायरची हवा, स्प्रिंग आणि रबरी बुश यांच्यामध्ये बसवलेल्या चाकाची स्वतःची हलण्याची लयही सेकंदाला दहा ते पंधराच्या घरात असते. झोक्याला त्याच्या लयीत हात दिला की तो चढत जातो, तसंच इथे होतं. रिमच्या कडेला फक्त २० ग्रॅमचा फरक असला, तरी या वेगाला तो सुमारे अडीच किलोच्या जोरानं चाकाला ओढतो, तेही सेकंदाला बारा वेळा.

पण २० ग्रॅमचा फरक नव्या गाडीतही पडू शकतो. बुश आणि सांधे धडधाकट असले, तर तो हातापर्यंत फारसा पोचत नाही. म्हणून जुन्या गाडीत दोन गुन्हेगार शोधावे लागतात, एक हलवणारा आणि दुसरा हलू देणारा. बॅलन्सिंग केल्यावर महिनाभर सगळं शांत आणि मग पुन्हा थरथर, असं होत असेल, तर हलू देणारा अजून मोकळाच आहे.

हलवणाऱ्यापासून सुरुवात करावी. कंप स्टेअरिंगमध्ये असेल, तर बहुधा पुढची चाकं, सीटमध्ये आणि पायाखाली असेल, तर मागची. खंडाळ्याचा घाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवल्यावरच हात हलत असतील, तर पुढच्या डिस्कची जाडी सगळीकडे सारखी आहे का ते मोजावं. अर्थात सैल बुशही हीच थरथर मोठी करून दाखवतो. महिनाभर पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या गाडीचे टायर एका जागी चपटे होतात आणि दहा-पंधरा किलोमीटर चालून गरम झाले की बऱ्याचदा पूर्ववत होतात. ती थरथर आजार नाही. टायरच्या बाजूला कोरलेले शेवटचे चार आकडे मात्र जरूर वाचा. २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक दिसते म्हणून दहा वर्षांचा टायर हायवेवर नेणं मला धोक्याचं वाटतं. बाहेरून घेतलेले अलॉय असतील, तर त्यांचं मधलं भोक हबवर घट्ट बसतं का पाहावं. या गाडीच्या हबचं माप ६६.६ मिलिमीटर आहे. भोक मोठं असेल, तर मध्ये रिंग हवी, नाहीतर चाक दरवेळी वेगळ्याच जागी बसतं.

आता हलू देणारा. या गाडीत पुढची स्प्रिंग खालच्या आर्मवर बसते. गाडी बॉडीखाली जॅक लावून उचलली, तर स्प्रिंग आर्मला खाली दाबून धरते आणि बॉल जॉइंट ताणला जातो. जॉइंट झिजलेला असला, तरी चाक हलत नाही आणि ‘सगळं टाइट आहे’ असा निकाल मिळतो. जॅक आर्मखाली लावला की जॉइंटवरचा ताण जातो आणि खरं काय ते दिसतं. मग चाक घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून हलवायचं. ‘टक’ असं बोटांना लागलं, तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. दोघांपैकी कोण, हे एकाला ब्रेक दाबून धरायला सांगून कळतं. तेवढ्यानं प्ले, म्हणजे सैलपणा, गेला, तर बेअरिंग. या बेअरिंगमध्ये ठेवायचा प्ले मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजतात, ०.०१ ते ०.०२. केसाची जाडीही त्याहून जास्त असते. म्हणून ‘हातानं अंदाज येतो’ म्हणणाऱ्यापेक्षा डायल गेज बाहेर काढणाऱ्या मेकॅनिकवर मी विश्वास ठेवते.

नऊ आणि तीनच्या जागी धरून प्ले लागला, तर स्टेअरिंगचे सांधे. इथे रॅक नाही. स्टेअरिंग बॉक्स, मधला रॉड, दोन्ही बाजूंचे टाय रॉड आणि बॉक्सच्या विरुद्ध बाजूला आयडलर आर्म अशी साखळी आहे. एकानं स्टेअरिंग थोडंथोडं डावी-उजवीकडे हलवावं आणि दुसऱ्यानं खाली जाऊन एकेका सांध्यावर बोट ठेवावं. आयडलर आर्मचा बुश इथेच सापडतो आणि तो अनेकदा कुणी पाहिलेलाच नसतो.

याच साखळीवर आडवा बसवलेला एक छोटा डँपर असतो. तो नवा घातला की थरथर लगेच कमी होते आणि मालक खूश होतो. हा सगळ्यात घातक उपाय आहे. डँपर गेलेला असेल, तर बदलायलाच हवा, पण सैल सांधा तसाच ठेवून नवा डँपर लावणं म्हणजे ताप आलेल्या माणसाला गोळी देऊन कामावर पाठवणं.

आर्मचे बुश बदलताना एक चूक फार होते. गाडी वर, चाकं लोंबकळत असतानाच बोल्ट पूर्ण आवळले जातात. बुशमधलं रबर आतल्या नळीला चिकटलेलं असतं. गाडी खाली उतरली की ते कायमचं पिळलेल्या अवस्थेत राहतं आणि नवा बुश फार लवकर फाटतो. बोल्ट आधी हातानं बसवायचे, गाडी चाकांवर उभी करायची, पुढून दोन-तीनदा दाबून सोडायची आणि मगच आवळायचे. चाकाचे बोल्टही ११० न्यूटन मीटरला टॉर्क पान्यानं. अलाइनमेंट सगळ्यात शेवटी. मग जिथे थरथर जाणवायची त्याच रस्त्यावर गाडी न्यायची, टायर गरम होऊ द्यायचे आणि हात हलका ठेवून ऐंशीपासून शंभरपर्यंत हळूहळू जायचं, एकदा नुसतं आणि एकदा ब्रेकवर हलका पाय ठेवून.