कानाचं मशीन आवाज ‘दाबतं’ कसं?

मोठ्यानं बोल, पण ओरडू नकोस

‘जरा मोठ्यानं बोल रे.’ नातू आवाज चढवतो, तर लगेच, ‘ओरडतोस कशाला? बहिरा नाही मी!’ आजोबांच्या या दोन्ही तक्रारी खऱ्या असतात. अंतर्कर्णात बाह्य केसपेशी असतात. हळू आवाजाला बळ देऊन पुढे पाठवणं हे त्यांचं काम. वयानं किंवा वर्षानुवर्षांच्या गोंगाटानं त्या निकामी झाल्या की हळू आवाज पोचतच नाही. मोठा आवाज मात्र जवळपास पूर्वीइतकाच मोठा लागतो.

निरोगी कानाला साधारण 0 ते 100 डेसिबलपर्यंतचे आवाज सुखानं ऐकता येतात. ज्याला 60 च्या खालचं काहीच ऐकू येत नाही, त्याच्याकडे उरतात जेमतेम 40 डेसिबल. पनवेलच्या एसटी स्टँडवर शेजाऱ्याची कुजबुज 30 च्या आसपास, गप्पा 60-65 आणि जवळून वाजलेला हॉर्न शंभरच्या घरात. एवढं सगळं त्या 40 मध्ये बसवायचं, म्हणजेच कॉम्प्रेशन.

आकडेमोड

जुनी यंत्रं सगळ्यालाच सारखी वाढ देत. समजा, वाढ 30 डेसिबल आहे. 45 चा आवाज 75 होतो, 65 चा 95, इथवर ठीक. पण 95 चा हॉर्न 125 वर जाईल, म्हणजे कानठळ्याच! म्हणून ही यंत्रं एका मर्यादेवर ध्वनिलहरीचा माथाच छाटून टाकत आणि आवाज फाटका येई.

आता 45 डेसिबलच्या पुढे दोनास एक असं कॉम्प्रेशन लावू. बाहेरचा आवाज 10 नं वाढला, तर कानात तो 5 नंच वाढेल. 45 चा आवाज 75 च राहतो, 65 चा 85 होतो आणि 95 चा 100. कुजबुजीला भरपूर मदत, बोलण्याला बेताची, हॉर्नला नावापुरती.

साठ की आठ?

वयोमानानं कान बहुधा वरच्या पट्टीत आधी अधू होतो. ‘आ’, ‘ओ’ हे स्वर खालच्या पट्टीतले आणि दमदार. ‘स’, ‘श’, ‘फ’ हे वरच्या पट्टीतले आणि दुबळे. भाजीवाली ‘साठ रुपये’ म्हणते, त्यातला ‘स’ गळतो आणि गिऱ्हाईक ‘आठ’ ऐकून खूश होतं. म्हणून आजची यंत्रं आवाजाचे पट्टीनुसार भाग पाडतात आणि प्रत्येकाला वेगळं कॉम्प्रेशन लावतात. अशी वेगवेगळ्या पट्ट्यांची कल्पना अमेरिकेतल्या एडगर विल्चर यांनी 1973 मध्ये शोधनिबंधात मांडली. लाउडस्पीकरचा हा नामांकित संशोधक!

पंखा एवढा का वाजतो?

हॉर्न वाजताच यंत्र काही मिलिसेकंदांत वाढ कमी करतं. ती पुन्हा पूर्ववत व्हायला किती वेळ द्यायचा, हा खरा पेच आहे. लगेच सोडली, तर दोन वाक्यांच्या मधल्या शांततेत पंख्याची घरघर उसळून वर येते. सावकाश सोडली, तर हॉर्ननंतरचे दोन-चार शब्द हरवतात. सगळ्यांना चालेल असं एकच उत्तर नाही.

संगीतात तर कॉम्प्रेशन चक्क आड येतं, कारण तबल्याच्या हळू आणि जोरकस बोलांमधला फरकच ते कमी करून टाकतं. ऐकण्याचा शौक असेल, तर संगीतासाठी कमी कॉम्प्रेशनचा वेगळा प्रोग्रॅम लावून मागावा. आणि गर्दीतून नेमकं बोलणं निवडणं हे कॉम्प्रेशनचं काम नव्हेच; तिथे समोरचाच आवाज टिपणारे माइक कामी येतात.

तक्रार कशी सांगावी

‘मशीन बरोबर नाही’ एवढ्यावर ऑडिओलॉजिस्ट तरी काय करणार? भांडी आपटली की त्रास होतो, नातीचं बोलणं कळत नाही, पंखा मध्येच मोठा होतो, असं नेमकं सांगावं. या तिन्हींसाठी वेगवेगळे आकडे फिरवावे लागतात. कान न तपासता ऑनलाइन घेतलेली स्वस्त, नुसता आवाज वाढवणारी खोकी माझ्या मते न घेतलेलीच बरी. सरकारी ठिकाणी जायचं, तर वांद्र्याला 1983 पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. पनवेलहून हार्बरची लोकल पकडायची आणि वडाळ्याला गाडी बदलायची. जुना ऑडिओग्राम, म्हणजे श्रवणचाचणीचा आलेख असेल, तर तोही सोबत न्यावा.